आलं का गेलं?

हिंदुरावकाकांना गुपित सांगता येत नाही. म्हणजे सांगतात, पण ते गल्लीच्या टोकाच्या दूध डेअरीपर्यंत ऐकू जातं. “म्याडम, ह्ये तुझ्या-माझ्यातच ऱ्हाऊ दे,” एवढं ते म्हणाले की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हातातला टॉवेल तसाच धरून थांबते. गेल्या दिवाळीत त्यांनी मला असंच गुपचूप सांगितलं होतं, “तुझ्या आईच्या चकल्या लई कडक झाल्यात, पर तिला बोलू नको, वाईट वाटंल.” आई तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात चकल्याच तळत होती. पुढचा घाणा शेजारी गेला नाही.

काका आमचे भिंतीला भिंत लागून नसलेले, पण आवाजानं लागलेले शेजारी. मध्ये एक बोळ आहे. ते एस.टी.त कंडक्टर होते आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आम्ही या वसाहतीत राहायला आलो तेव्हापासून त्यांचा आवाज असाच आहे, आणि त्याचं कारण विचारायची कुणाला गरज वाटली नाही. “जन्मभर माणसं पुढं सरकवली, आता गल्ली सरकवत्यात,” असं आई म्हणते. पेपरवाल्याशी, मांजराशी, देवाशी, ते सगळ्यांशी एकाच पट्टीत बोलतात. सकाळी त्यांची आरती चालू असली की देवाला कुणीतरी दम देतंय असं वाटतं.

काकी मात्र कमी बोलतात. हाक मारली तर पुष्कळदा ‘ओ’सुद्धा देत नाहीत. त्यामुळे गल्लीत त्या जरा शिष्ट म्हणून ओळखल्या जातात.

मी काकांच्या बरोबर उलटी. शाळेत मला पहिल्या बाकावर बसवायचे, हुशार म्हणून नाही, उत्तर ऐकू यावं म्हणून. आता मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते, आणि माईक चालू असतानाही मीटिंगमधले लोक मला सांगतात, “यू आर ऑन म्यूट.” इंग्रजी शाळेत शिकले म्हणून काका मला म्याडम म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘हॅलो काका’ म्हणाले होते, ते अजून फेडते आहे.

घरून काम करायचं तर नेट लागतं. फुलेवाडीच्या पुढे, शहर कुठं संपतं आणि ऊस कुठं सुरू होतो हे अजून नीट ठरलेलं नाही अशा जागी आमचं बैठं, पत्र्याचं घर आहे. केबल टाकणारे येतात, खांब बघतात, “पुढच्या महिन्यात” म्हणून जातात. म्हणून आम्ही सिमकार्डवर चालणारा राउटर घेतला. तो बरा चालला होता. पण मग मागच्या बाजूला भलंमोठं मंगल कार्यालय उभं राहिलं आणि त्याचं पत्र्याचं छप्पर आमच्या रेंजच्या वाटेत येऊन बसलं. मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानं गोठायला लागला. शेवटी मॅनेजरनं सांगितलं, सोमवारच्या डेमोत असं झालं तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसात यायचं.

पुण्यात मी एक वर्ष काढलं आहे. तिथं मला काही त्रास नव्हता. फक्त संध्याकाळी खोलीवर आल्यावर लक्षात यायचं की दिवसभरात आपण लिफ्टमधल्या माणसाला ‘थर्ड फ्लोअर’ एवढंच म्हणालो. मला परत जायचं नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही. बाहेर लावायची एक अँटेना मागवली.

ती उंचावर लावायला हवी होती, आणि गच्ची होती काकांची. मी खोकं घेऊन गेले. काकांनी आतली पांढरी, चौकोनी, चपटी वस्तू दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघितली.

“ही अँटेना? अँटेनाला काड्या असत्यात. ही तर पाटी हाय!”

एस.टी.च्या कपाळावर गावाचं नाव लिहिलेली असते ती पाटी. मग ती पाटीच झाली. टॉवर म्हणजे स्टँड, आणि दिशा म्हणजे रूट. पूर्व-पश्चिम काकांच्या तोंडात नाहीच. गच्चीवर पाण्याच्या टाकीला एक पाइप बांधून त्यावर त्यांनी पाटी चढवली आणि तिथूनच जाहीर केलं, “म्याडम, गगनबावड्याची पाटी लावलीया! बघ आलं का!”

अडचण अशी होती की राउटर आमच्या खिडकीत, अँटेनाची वायर बोळावरून तिथं आलेली, आणि टाकीमुळे गच्चीवरून माझी खिडकी दिसत नव्हती. राउटरचं पान लॅपटॉपवर उघडून रेंजचा आकडा बघायचा आणि वर कळवायचा, एवढंच माझं काम. मी म्हटलं, “काका, मी फोन करते. तुम्ही कानाला लावून ठेवा.”

“फोन कशाला? माणसं हाईत की!” काका म्हणाले आणि खाली वाकून ओरडले, “अगं, ऐकलंस का! जरा बोळात ये!”

काकी आल्या. पदर नीट केला, बोळाच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. ठरलं असं, की मी खिडकीतून सांगायचं, काकींनी वर सांगायचं, आणि काकांनी पाटी फिरवायची. पाटी फिरवताना ते मागं येणाऱ्या गाडीला सांगावं तसं स्वतःलाच सांगायचे, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास! आलं का गेलं?”

गगनबावड्याच्या रस्त्यावर एक टॉवर दिसतो. पहिली संध्याकाळ त्याच्यावर गेली. रेंज हलली नाही. मग मी फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये बघितलं, तर तो टॉवर दुसऱ्याच कंपनीचा निघाला.

“म्हंजे आपण दुसऱ्याच्या गाडीला हात करत हुतो!” काका इतक्या मोठ्यानं हसले की गॅलरीतली बाई पण हसली.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजी झाली. इचलकरंजीला थोडं बरं होतं, पण टिकत नव्हतं. मग काका हळूहळू कोडोलीकडे वळले, आणि मध्येच आकडा एकदम सुधारला. “आलं!” मी म्हणाले.

“गेलं म्हणतीया!” काकींनी वर कळवलं.

पाटी पुढे गेली. आकडा पडला. “गेलं, गेलं,” मी म्हणाले.

“आलं! आलं ओ!” काकी.

काकांनी तिथंच नट आवळला. “डबल दिली!” डबल म्हणजे दोन घंट्या, म्हणजे गाडी सुटली. माझं नेट आधी होतं त्याहून वाईट झालं. शिवाय थोड्या वेळानं काकी खिडकीशी आल्या आणि त्यांनी माझ्या हातावर आल्याचा तुकडा ठेवला. “चहाला पायजे हुतं नव्हं? मगापास्नं आलं-आलं म्हणालीयास.”

मी ते आलं घेतलं. आईला म्हटलं, या दोघांच्या नादात माझी नोकरी जाईल. आई म्हणाली, “मग जरा मोठ्यानं बोल की.”

रविवार उजाडला. दुपारी काकी दळण घेऊन गिरणीत गेलेल्या बघून मी लॅपटॉप उचलला आणि सरळ काकांच्या गच्चीवर गेले. मधलं माणूस नसलं की काम पटकन होईल, असा माझा हिशेब होता. काका टाकीच्या सावलीत पान्हा घेऊन बसले होते.

“ये, बस,” ते म्हणाले.

मी चमकले. हे त्यांनी साध्या आवाजात म्हटलं होतं. साध्याहूनही हळू.

“काका, घसा बसलाय का?”

“न्हाय की. ती गिरणीत गेलीया नव्हं.”

गिरणीचा आणि घशाचा काय संबंध, मला कळेना. त्यांनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं.

“तिला ऐकू कमी येतंय, म्याडम. लई वर्षं झाली. कानाचं मशीन आणलतं, कपाटात हाय. ‘मी काय बहिरी हाय व्हय?’ म्हणती. तिच्या एकटीसंगं मोठ्यानं बोललं की तिला लगीच कळतंय. तोंड एवढंसं करून आत जाती. मग म्हटलं, सगळ्यांसंगंच मोठ्यानं बोलायचं. लोक मला बोंबल्या म्हणत्यात. म्हणू देत की. तिला कोण बहिरी म्हणत न्हाय.”

मला एकदम त्यांची आरती आठवली.

“पण तुम्ही कंडक्टर होता ना,” मी म्हणाले. “तेव्हापासूनच...”

“कंडक्टरला बोलावं कुठं लागतंय? घंटी हाय की. मला मुका कंडक्टर म्हणायचे.” ते हसले, तेही हळूच. “तुझ्यासारखाच बोलायचो मी. शिकलो. येतंय हळूहळू.”

खाली गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती. काका पान्ह्यावरची माती अंगठ्यानं खरवडत राहिले.

“हळदीकुंकवाला जायची, भिशीत जायची. कोण एक विचारायचं, ही दुसरंच सांगायची, बायका हसायच्या. मग समदं बंद केलं तिनं. कामाबिगर दारातसुद्धा येत नव्हती. ही तुझी पाटी आली आन् ती बोळात येऊन उभारली. चांगलं लुगडं नेसून. बघितलंस नव्हं?”

मी बघितलं होतं. मला वाटलं होतं, त्यांना नंतर कुठंतरी जायचं असेल.

“पर तुझी नोकरी हाय, ते मला कळतंय,” काका उठले. “ती यायच्या आत लावून टाकू. बोल, कुठली पाटी?”

लॅपटॉप माझ्या मांडीवर उघडा होता. काल आकडा सुधारला होता ती जागा मला साधारण माहीत होती. पाच-दहा मिनिटांचं काम होतं. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

“काकी आल्यावर करू,” मी म्हणाले. नेहमीसारखंच, पुटपुटल्यासारखं. काकांना ते पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

घरी येऊन मी खिडकीत बसले आणि मनाशी दोन्ही शब्द म्हणून बघितले. आलं. गेलं. माझ्या आवाजात म्हटले तर दोन्हींचं शेपूट तेवढं उरत होतं. काकींपर्यंत दोन दिवस फक्त ‘लं’ पोचत होतं. त्याच्या पुढचं त्या आपल्या मनानं लावत होत्या, आणि काका त्या सांगतील तिकडे पाटी फिरवत होते. त्यांना माझं गच्चीवर नीट ऐकू येत असणार. तरीसुद्धा.

संध्याकाळी काकी बोळात आल्या तेव्हा मी खिडकी सोडून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“काकी, तिन्हीसांजेला असं ‘गेलं, गेलं’ ओरडलेलं आईला आवडत नाही. आपण ‘गेलं’ म्हणायचंच नाही. बिघडलं की ‘न्हाय’ म्हणायचं.”

आईनं असं काहीही म्हटलेलं नव्हतं. हे मी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की आई बाहेर येऊन माझ्याकडे बघायला लागली.

“बरोबर हाय तिचं,” काकी म्हणाल्या. “मी पैल्यापास्नं ह्यांला सांगतीया, दिवेलागणीला कसलं गेलं-गेलं. ओ, ऐकलं का! गेलं म्हणायचं न्हाय!”

“मग काय म्हणायचं?” वरून काका.

“न्हाय म्हणायचं!”

“बरं! कोडोलीची पाटी लावतोय! येऊ दे, येऊ दे...”

“न्हाय!” मी ओरडले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. गॅलरीतली बाई टॉवेल धरून थांबली.

“न्हाय म्हणतीया!” काकींनी वर पाठवलं, अगदी बरोबर.

“टाकीच्या ह्या अंगाला घेतो! आता?”

“न्हाय!”

“न्हाय ओ, न्हाय! जरा दमानं फिरवा, तुमची आपली सारखी घाई!”

पाइप कुरकुरला. आकडा हलला, थांबला, आणि एकदम चढला. तपासायला लावून ठेवलेला व्हिडिओ न अडकता चालू झाला. मी खिडकीच्या गजाला धरून तोंड बाहेर काढलं.

“आलं!”

“आलं!” काकींनी दोन्ही हात वर केले. “आलं ओ, आलं! आवळा तिथंच!”

“डबल दिली!” काकांनी नट आवळला. मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न होतं, पण तिथली वाजंत्री ऐकू आली नाही.

सोमवारचा डेमो नीट झाला. माझा चेहरा कुठंही गोठला नाही. शेवटी मॅनेजरनं मला आवाज जरा कमी करायला सांगितला. माझ्या आयुष्यात हे कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी काम संपवून खिडकीशी बसले. बोळ रिकामा होता. काकींच्या दाराची कडी आतून लावलेली. वर गच्चीत पाटी कोडोलीकडे तोंड करून गप्प उभी होती. राउटरचं पान उघडून बघितलं. आकडा उत्तम होता.

मी खिडकी पूर्ण उघडली.

“काकी! न्हाय!”

थोडा वेळ काही झालं नाही. मग कडी वाजली. काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या, बोळात त्यांच्या जागेवर उभ्या राहिल्या आणि घराकडे तोंड करून म्हणाल्या, “ओ, ऐकलं का! न्हाय म्हणतीया पोरगी! चढा वर!”

काका जिन्यानं वर गेले. टाकीच्या कडेला येऊन त्यांनी पहिल्यांदाच माझ्या खिडकीच्या दिशेनं वाकून बघितलं. मी त्यांना दिसले की नाही कोण जाणे. मग पाइपवर पान्हा वाजायला लागला. पाइप मात्र कुरकुरला नाही.

“कोडोली सोडतो! इचलकरंजीला घेतो! येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास! आलं का?”

“आलं का गं?” काकींनी मला विचारलं.

मी स्क्रीनकडे बघितलं. आकडा जागचा हललासुद्धा नव्हता.

“न्हाय!” मी ओरडले.

“न्हाय ओ, न्हाय!” काकींनी वर कळवलं आणि घरातली खुर्ची ओढून आणून त्या बोळात नीट बसल्या.