वाकड्या बिळाचा भाव

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येकाला राहायला बीळ होतं आणि प्रत्येकाला आपलं बीळ पुरत होतं. अशी जंगलं फार दिवस टिकत नाहीत, हे तुम्हाला मोठेपणी कळेल. नखं खाऊ नका. ऐका.

त्या जंगलात दिगूशेठ नावाचा मुंगूस होता. त्याने जन्मात स्वतःचं बीळ खणलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या बिळात शिरून 'इथे काय काय करता येईल' हे तो इतकं छान सांगायचा, की मालकाला आपल्याच घराची लाज वाटू लागायची.

एके दिवशी तो साळूबाईकडे गेला. साळूबाई म्हणजे साळिंदरीण. काटे अंगभर, आणि थोडे जिभेवरही. तिचं बीळ टेकडीच्या पोटात होतं. त्याला दोन वळणं होती आणि मागे करवंदीच्या जाळीत उघडणारं एक लहानसं दार होतं.

"वाकडं आहे," दिगूशेठ म्हणाला.

"मुद्दाम केलंय," साळूबाई म्हणाली. "साप वळणं घेत बसतो, तोवर आपण मागच्या दाराने पसार."

"अहो, पण दारात उभं राहिलं की पार शेवटपर्यंत दिसलं पाहिजे. हल्ली सगळे तेच मागतात."

"कोण सगळे?"

"येतील," दिगूशेठ म्हणाला.

साळूबाई काही विकणार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी नागोबाने तिच्या दारात डोकं घातलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही आतल्या खोलीत झोपता की बाहेरच्या?" साळूबाईने टोपलीभर बोरांवर दिगूशेठला बीळ दिलं आणि ती टेकडीपलीकडे निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, मुंगूस आणि नाग यांचं तर सात पिढ्यांचं वैर. होतं ना! पण धंद्यात वैर परवडत नाही. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. दिगूशेठने त्या म्हणीला भागीदार करून घेतलं, एवढंच.

भागीदारीत अट एकच होती.

"गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही," दिगूशेठ म्हणाला.

"मला हातच नाहीत."

"दातही लावायचा नाही. गिऱ्हाईक खाल्लंस तर ते घाबरून बीळ परत विकणार कसं?"

"आणि गिऱ्हाइकाची पिल्लं?"

दिगूशेठने बोटांवर हिशेब केला. "पिल्लं कुठे बोरं देतात?" तो म्हणाला.

मग काम सुरू झालं. घुशींनी वळणं फोडून बीळ सरळ केलं. भिंतींना पांढरी माती लागली. छताखाली आणखी एक छत बसवलं आणि त्याला काजवे चिकटवले. काजव्यांना कोणी विचारलं नव्हतं. मागचं दार बुजवून त्यावर मोरपीस लावलं. बाहेर पाटी आली : 'सरळमार्ग निवास. पाणवठा हाकेच्या अंतरावर.' हाक कोणाची ते लिहिलं नव्हतं. हत्तीची धरली होती.

पाटी वाचून भास्कर नावाचा ससा आला. सोबत त्याची बायको कुसुम होती. तिचे दिवस भरत आले होते. भास्कर दारातच विरघळला.

"कुसुम, इथून पार तिथपर्यंत दिसतंय गं!"

"दिसतंय ना. मग सापालाही दिसेल," कुसुम म्हणाली. "मागचं दार कुठाय?"

"वहिनी, मागच्या दाराने लक्ष्मी बाहेर जाते," दिगूशेठ म्हणाला.

"आणि पुढच्या दाराने कोण येतं?"

"वहिनी फार विनोदी आहेत हो," दिगूशेठ भास्करला म्हणाला.

भास्करने साठवलेली सगळी बोरं दिली. कमी पडली म्हणून सासऱ्याने दिलेलं हरळीचं कुरणही दिलं. कोणाच्या सासऱ्याने, हे विचारायची गरज नाही.

राहायला गेल्यावर त्याने कुसुमला भिंतीला टेकू दिलं नाही, पांढरी माती निघते म्हणून. रोज सकाळी तो वडाखाली जाऊन आपल्या बिळाचा भाव ऐकून यायचा. भाव चढलेला असला की त्या दिवशी तो जेवायचाही नाही, पोट आपोआप भरायचं.

एकदा तो परत आला, तर कुसुम मोरपिसामागची माती उकरत होती.

"अगं, काय करतेस! भोक पडलं की भाव पडला!"

"आणि साप आला की पिल्लं कुठून न्यायची?"

"पिल्लांसाठीच तर भाव जपतोय मी!" भास्कर म्हणाला, आणि त्याने माती परत थापली.

मग पिल्लं झाली. चार. इवलीशी, डोळे मिटलेली. भाव त्या दिवशीही चढला होता, पण तो सांगायला भास्करला सुचलं नाही. एवढं त्याच्या बाजूने बोलायला हवं.

आणि एका दुपारी दारातला उजेड गेला.

"वा!" नागोबा म्हणाला. "कुठे वळावंच लागत नाही!" आणि तो सरळ आत येऊ लागला.

भास्करने नागोबाकडे पाहिलं. मोरपिसाकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं. त्या सशाचा मला फार राग येतो, बाळांनो, पण त्या घटकेला तो बाप होता.

"खण!" तो ओरडला. "खड्ड्यात गेला भाव!"

दोघांनी मिळून अशी माती उडवली की नागोबाचे डोळे भरले. नागाला पापण्या नसतात, तेव्हा मिटणार काय? तो फणा काढून उठला आणि छताला आपटला. काजवे या संधीची वाटच पाहत होते. सगळे एकदम उडाले आणि छत नागोबाच्या डोक्यावर आलं. तोवर कुसुम आणि भास्कर पिल्लं तोंडात धरून करवंदीच्या जाळीत पोचले होते.

लगेच दिगूशेठ हजर. "अरेरे! छत पडलेलं, मागे भोक, आत नाग. असलं बीळ आता कोण घेणार?" तरी शेजारधर्म म्हणून त्याने ओंजळभर बोरं देऊन ते घेतलं.

कुसुमने दूरच्या बांधाखाली नवं बीळ खणलं. काळोखं, वाकडं, तीन वळणांचं. पिल्लं पहिल्यांदा शांत झोपली. गोष्ट इथेच संपायची, पण भास्कर सवयीने वडाखाली गेला.

तिथून तो धापा टाकत परतला. "कुसुम! पाटी लागलीय! 'दोन दारांचं बीळ. हवा खेळती. नागोबांनी स्वतः आतून पाहिलेलं.' उड्या पडतायत नुसत्या!"

"अरे, ते आपलंच बीळ आहे. ते दुसरं दार मी खणलंय!"

"म्हणून तर आपल्याला सवलत देतायत! बोरंसुद्धा नकोत. फक्त हे बीळ बदल्यात द्यायचं."

त्याच्या खांद्यावरून दिगूशेठने आत डोकावलं. मान हलवली.

"वाकडं आहे," तो म्हणाला.

कुसुमने भास्करला बाहेर ढकललं आणि पुढचं दार आतून बुजवायला घेतलं. बिळाला मागचं दार होतं. ते कुठे उघडतं, हे तिने अजून भास्करला सांगितलं नव्हतं.

तात्पर्य : कुसुमसारखं कधीही वागू नये. तिच्या बिळात चार पिल्लं सुखरूप मोठी झाली, पण बिळाचा भाव एका बोरानेही वाढला नाही.