दहावी ‘ब’चे जिवंत मुडदे

माझ्याविषयी मी स्वतःच बोलणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी बोलत नाही, त्यामुळे नाइलाज आहे. नजर घारीची, कान सशाचे, नाक शिकारी कुत्र्याचं. हे सगळं एकाच चेहऱ्यावर आल्यामुळे दिसायला मी बेताचा आहे. नववी ‘अ’मध्ये शिकतो, म्हणजे बसतो. खरा धंदा गुप्तहेराचा. वर्गात मला ‘भोचक’ म्हणतात. थोर माणसांना त्यांच्या हयातीत लोक असंच काहीबाही म्हणतात.

माझा मदतनीस ढापण्या. त्याच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड आहेत की आम्हाला वेगळं भिंग घ्यावं लागलं नाही. मी तर्क करायचा आणि त्यानं ‘वा’ म्हणायचं, अशी आमची कामाची वाटणी आहे.

हे प्रकरण मंगळवारी सकाळी आमच्याच घरात सुरू झालं. माझी ताई दहावी ‘ब’मध्ये आहे. ती जिना उलटी उतरत होती. कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी, आणि दर पायरीला घशातून ‘आऽऽ’.

“आजीबाई, जरा हातपाय हलवा,” मी म्हणालो.

एरवी एवढ्यावर पाठीत धपाटा ठरलेला. तिनं हात उचलला. तो कमरेपर्यंत आला, तिथं थरथरला आणि परत खाली गेला.

“माझं दप्तर घेशील का रे?” ती म्हणाली.

जन्मल्यापासून ताईनं मला कशाचीही विनंती केली नव्हती. तिनं मला फक्त आज्ञा दिल्या होत्या. ही माझी ताई नव्हती.

शाळेत पोचलो तर सगळा दहावी ‘ब’ तसाच. मधल्या व्हरांड्यातून तो घोळका येत होता. गुडघे वाकत नव्हते, हात भिंतीला, तोंडं उघडी, आणि सगळ्यांच्या घशातून तोच आवाज. एका मुलाची पेन्सिल पडली. घोळका थांबला. सगळ्यांनी पेन्सिलीकडे बराच वेळ पाहिलं. कोणी वाकलं नाही. मग पेन्सिल तिथेच सोडून ते पुढे गेले.

“झॉम्बी,” मी म्हणालो.

“वा,” ढापण्या म्हणाला.

पहिला संशय पाण्यावर. दहावीच्या मजल्यावरचा नळ वेगळा आहे. मी ढापण्याला त्या नळाचं पोटभर पाणी पाजलं आणि लक्ष ठेवलं. त्याच्यात एकच बदल दिसला, तो म्हणजे दर दहा मिनिटांनी तो बाहेर जायची परवानगी मागू लागला. वर्गातल्या बाईंनी त्याला उभं केलं आणि मी नळाला निर्दोष सोडलं.

दुसरा संशय चाव्याचा. झॉम्बी मानेला चावतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी ताईच्या मैत्रिणीची कॉलर बाजूला करून पाहू लागलो, तर ती कळवळली. “मानेला हात लावू नकोस, मेल्या. ठणकतेय.” पुरावा याहून भक्कम तो काय असणार? चाव्याची खूण दिसली नाही, याचा अर्थ चावणारा सराईत होता.

तिसरा संशय गणिताच्या सरांवर. दहावीचं डोकं खाण्यात त्यांचा हात धरणारं शाळेत कोणी नाही. शिवाय सोमवारपासून ते मुलीच्या लग्नाच्या रजेवर. गुन्हा झाला त्याच दिवशी माणूस पसार होतो, यातच सगळं आलं.

“पण डोकं खाल्लं तर पाय का आखडतील?” ढापण्यानं विचारलं.

‘वा’ म्हणायचं सोडून त्यानं प्रश्न विचारला होता. मी दुर्लक्ष केलं, कारण उत्तर नव्हतं.

तेवढ्यात मैदानावर शिट्टी वाजली आणि व्हरांड्यातला दहावी ‘ब’ एकदम शहारला. दोघांनी खांबाला मिठी मारली. ताईनं डोळे मिटून घेतले.

मी कठड्यावरून खाली पाहिलं. पीटीचे सर फक्कीनं मैदानावर रेघा मारत होते आणि गुणगुणत होते. आमच्या शाळेत शिक्षक गुणगुणत नाहीत. हा गृहस्थ तर इतकी वर्षं खेळांच्या खोलीत बसून चेंडूंत हवा भरायचा. ते चेंडू कधी खोलीबाहेर येत नसत. हवा आपोआप जायची आणि सर ती पुन्हा भरायचे. अशा माणसाला एकाएकी एवढा आनंद कशाचा? कोडं सुटलं. शिट्टीच्या तालावर नाचणारी मुर्दाड फौज, आणि तिचा सेनापती हा.

मी तडक मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेलो. बाई फोनवर होत्या. तो ठेवला तर दुसरा वाजला.

“सकाळपासून पालक विचारतायत, मुलांना काय झालंय,” बाई वैतागून म्हणाल्या. “तुझं काय आता?”

“मला गुन्हेगार सापडलाय. पीटीचे सर. त्यांना शाळेतून काढा आणि त्यांची शिट्टी जप्त करा.” एवढं ऐटीत बोललो आणि मग खरं ते बाहेर पडलं. “बाई, माझी ताई मला परत पाहिजे.”

बाईंनी सरांना बोलावलं आणि ताईलाही. सर आधी आले. ताईला यायला बराच वेळ लागला. बाईंनी तिला बसायला सांगितलं. तिनं खुर्चीकडे पाहिलं, अंतराचा अंदाज घेतला आणि म्हणाली, “उभीच बरी आहे, बाई.”

“सर, माझ्या कानावर तक्रार आलीय,” बाई म्हणाल्या. “तुमच्यामुळे मुलांना त्रास झाला असेल, तर मला तुमच्या नोकरीचा विचार करावा लागेल.”

सरांचा चेहरा उतरला.

“अहो बाई, काल पीटीचा तास झाला,” ताई म्हणाली.

ही शक्यता आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

“झाला म्हणजे?” बाईंनी विचारलं. “खरंच घेतला?”

“वेळापत्रकात आहे की तो,” सर हळूच म्हणाले.

“वेळापत्रकात असतो हो. पण तो गणिताला जातो ना?”

“गणिताचे सर रजेवर आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर्ग मैदानावर आला, बाई. पुन्हा कधी येईल, कोणी सांगावं? म्हणून राहिलेलं सगळंच घेतलं. बैठका, जोर, बेडूकउड्या, दोरीवरच्या उड्या. तीन इयत्तांचा अभ्यासक्रम होता.”

“एका तासात?”

“मधली सुट्टीही घेतली थोडी.”

बाईंनी कपाळाला हात लावला. मीही लावला, पण माझं कारण वेगळं होतं. सेनापती, फौज, सराईत चावा, सगळं पाण्यात गेलं होतं.

“झालं ते पुरे,” बाई म्हणाल्या. “तो तास आता कायमचा गणिताला देऊन टाकू. पालकांनाही तसं कळवते.”

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. त्या क्षणी मला स्वतःची अतिशय लाज वाटली. गुप्तहेराला ती वाटायची नसते, पण वाटली.

“बाई, नका ना देऊ,” ताई म्हणाली. “पाय दुखतायत, हात दुखतायत, शिंकलं तरी पोट दुखतंय. पण काल बेडूकउड्या मारताना आम्ही सगळे धपाधप पडत होतो आणि खदाखदा हसत होतो. वर्गात असं शेवटचं कधी हसलो, मला आठवतही नाही.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग शिट्टीकडे पाहिलं. फोन पुन्हा वाजत होता. त्यांनी तो वाजू दिला आणि शिट्टी सरांकडे सरकवली.

“पुढच्या सोमवारी तास तुमचाच,” त्या म्हणाल्या.

“आणि त्याच्या पुढच्या?”

“तोही. दर सोमवारी. गणिताच्या सरांना मी सांगते.”

सरांनी शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. मग ते ताईकडे वळले. “हे आधी ठाऊक असतं ना, तर काल थोडं थोडंच घेतलं असतं गं.”

“अहो सर, सावकाश घ्या,” ताई म्हणाली. “आम्ही कुठं पळून जातोय?”

आणि ती दाराकडे निघाली. तिची चाल पाहून मला वाटलं, या सबंध प्रकरणात एवढ्या एका विधानाला पुराव्याची गरज नव्हती.