राज्याचे बियाणे राखिल्याची बखर

श्रीगजानन मूषकासह प्रसन्न असो, मात्र मूषक कोठारापासून दूर असो. शके सोळाशे बाहत्तर, प्रमोदनाम संवत्सरापासून पुढे राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

महाराजांनी सर्व रयतेकडून एकच सरकारी ज्वारी पेरविली, आणि पीक अमाप आले, आणि लोक जुने वाण विसरू लागले. मग महाराजांस चिंता उपजली की, ह्या एका वाणावर रोग पडला तर रयत खाईल काय? मग गावोगावचे जुने वाण, दगडी, गूळभेंडी, लालबोंडी, राखेत घोळून मडक्यांत बंद करून आणविले, आणि निम्मी मडकी राजधानीच्या कोठारी व निम्मी डोंगरी गडावर ठेविली, की एक ठेव बुडाली तरी दुसरी उरावी. कोठाराचा कारभार गुंडोपंतांस दिधला. पंत पूर्वी मुदपाकखान्यावर, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरावर, होते, आणि स्वभावे भारी उत्साही. त्यांस किडीचे भय वाटले. मग त्यांनी विचार केला की, भाजल्या धान्यास कीड लागत नाही. आणि भट्ट्या पेटवून सगळे बियाणे खमंग भाजविले, आणि गडावरही तैसाच हुकूम धाडिला, आणि महाराजांनी वास घेऊन शाबासकी दिली.

पुढे काही वर्षांनी काणी रोग पडला, आणि कणसांत दाण्याऐवजी काळा भुगा भरला, आणि सरकारी ज्वारी मुलखातून गेली. मग कोठार उघडून ते बियाणे पेरिले, तो कोंब एक दिसेना. राणोजी पाटील दरबारी येऊन बोलिला, "म्हाराज, बियाला वास लई झ्याक, पर उगवंना की! पोरंबाळं काय माती खात्याल?" हे ऐकोन महाराजांचे डोळे भरून आले, आणि चूक उमगली, आणि पंतांस घेऊन ते तैसेच गडावर निघाले. आशा कोणासच नव्हती.

गडावर किल्लेदार सटवोजी ऊन खात बैसले होते. बियाणे विचारिताच महाराजांचे पाय धरून बोलिले, "सरकार, हुकूम पोचला व्हता. दसरा झाला की भाजू म्हटलं, मग दिवाळी, मग शिमगा... लाकडं फोडायचा लई कट्टाळा. सोमवारी भाजतोच बगा!" महाराजांनी धावत जाऊन मडके फोडिले, तो दाणे जैसे आले तैसे. मग महाराजांनी किल्लेदारास कडकडून मिठी मारिली, आणि ते बियाणे रयतेत वाटिले, आणि राने हिरवी जाहली, आणि पाटील बांधावर बसून ढसढसा रडला.

सारांश, दुसरी ठेव होती म्हणोन रयत जगली. मग तिसरे कोठार दूरच्या किल्ल्यावर बांधिले, आणि तेथे आळशी मनुष्य नेमावा ऐसे ठरले. तो दरबारातूनच इतके मानकरी पुढे आले की निवड करवेना. शेवटी जो बोलावूनही आला नाही, त्यास नेमिले.