चाळीस लाख पाव्हणं

लढाईच्या सालात पारनेरकडं टोळधाड उतरली अन् रंगुबाईची दहा मण ज्वारी उभ्या रानात फस्त करून गेली. पेरायला मूठभर बी उरलं न्हाई. सरकार बियानं देत हुतं. अर्जात फकस्त एक रकाना भरायचा : टोळांची संख्या.

"मोजले नाहीत?" कचेरीतल्या सर्कलसाहेबानं विचारलं.

"मोजले आस्ते साहेब, पर एका जागी बसंनात."

रंगुबाई मिशन शाळेच्या यशया मास्तरांकडं गेली. मास्तरांनी पाटी घेतली. सरकारी हुकूम असा, की कागदाची टंचाई हाय, तवा शून्यं लिहू नयेत, दहाचा घात लिहावा. एवढंच सांगणारा हुकूम अकरा पानी हुता. एक टोळ किती खातो, ते कचेरीला ठाऊक हुतं. डबीत एक टोळ ठेवून, त्याला तोलून ज्वारी घातलेली.

"दहा मण म्हंजी ३.२ × १०⁴ तोळे. एका टोळाला ८ × १०⁻³ तोळे. भागलं, की क्ष = ४ × १०⁶."

"म्हंजी किती वो?"

"चाळीस लाख."

"आगं बया! येवढी पंगत उठली माझ्या रानात?"

साहेबानं गुणून पाहिलं. उत्तर तंतोतंत. म्हणून त्यानं नोटीस काढली.

"धान्यटंचाईमुळे युद्धकालीन कायद्याने पन्नासावर पाहुण्यांना जेवण घालण्यास मनाई आहे. आपण ३.९९९९५ × १०⁶ पाहुणे जादा जेवू घातले. बियाणं नामंजूर."

"मी कुठं बोलीवलं? डबा बडवून हाकलत हुते की!"

"म्हणजे वाजंत्रीही होती," साहेबानं लिहून घेतलं.

रंगुबाई मटकन खाली बसली. मास्तर मात्र पुढं सरकले.

"साहेब, डबीतल्या टोळाच्या नावावर कचेरीनं ज्वारी किती उचलली?"

"दोन मण."

"ती खाल्ली कुनी?"

साहेबाचा हात पोटावर गेला. लगीच खाली आला.

"टोळानंच."

"मग एक टोळ दोन मण खातो. दहा मणाला क्ष = ५ × १०⁰. पाच पाव्हणं. कायद्यात बसतंय."

नोटीस फाटली. रंगुबाईच्या डोक्यावर बियान्याचं पोतं आलं. राहिला पंचनामा : एकट्या टोळानं दोन मण ज्वारी खाल्ली, आमी डोळ्यांनी पाहिली. खाली साक्षीदारांनी अंगठा उठवायचा; अंगठ्यामागं साहेबाकडनं शेरभर ज्वारी. सूर्य मावळायच्या आत अख्ख्या गावानं ती पाहिली.

हसताय व्हय? हसा, हसा. खालून तिसरा अंगठा तुमच्याच आज्याचा हाय.