प्लास्टिकमधली गाडी

"आज साहेबांनी बदलीवर सही केली नाही, तर मी सोफ्यावरचं प्लास्टिक फाडून टाकीन!" बायकोनं फोनवर ठणकावलं. "इतकी वर्षं त्या प्लास्टिकवर एकटी बसून घामाघूम होतेय मी."

"अगं, तेवढं नको करूस!" जपूनकाका कळवळले. "आजची तपासणी नीट पार पडली की सही झालीच समज. मग घरीच येतोय ना मी!"

सरहद्दीवरच्या त्या चौकीचं भांडार काकांच्या ताब्यात होतं. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. काही मागायला गेलं की ते आधी "जपून हं!" म्हणायचे आणि मग बहुतेक वेळा वस्तू द्यायचेच नाहीत. नवे बूट खोक्यांत, नवी जाकिटं पिशव्यांत, आणि खडकाळ वाटांसाठी वरून मुद्दाम पाठवलेली उंच चाकांची नवीकोरी गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली. पहारा मात्र दोरीनं दार बांधलेल्या जुन्या जीपमधून चालायचा. कुणी कुरकुर केलीच, तर काका म्हणायचे, "खराब झाली तर तपासणीला काय दाखवू? माझं डोकं?"

सकाळी काकांनी मन घट्ट करून बूट आणि जाकिटं वाटली. मग ताडपत्री ओढली. गाडी कशी लखलखत होती! ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, पण गाडी हूं की चूं करेना.

"बॅटरी बसली, काका. कधी सुरूच नाही केली ना!"

"झिजली असती रे!"

ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं. आत उंदरांनी चिंध्याबिंध्या जमवून झकास संसार थाटला होता. काकांनी घाईघाईनं आजूबाजूला पाहिलं.

"लाव ते आधी! साहेब काय आत डोकावणार आहेत?"

तेवढ्यात चौकीप्रमुख मॅडम धावत आल्या. "काका, साहेबांची गाडी नदीपात्रात रुतलीय. नवी गाडी काढा."

काकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरनं आभाळाकडे.

"मॅडम, जुनी नेली तर?"

"तिचा क्लच कालच गेला. म्हणून तर नवी मागतेय!"

शेवटी काकांना सगळं सांगावंच लागलं. मॅडमनी क्षणभर डोळे मिटून घेतले. "चला मग," त्या म्हणाल्या, "पायी."

अख्खी चौकी पायी निघाली. कोरे करकरीत बूट अर्ध्या वाटेतच चावायला लागले. चिखलात ढकलाढकली करून साहेबांची गाडी बाहेर काढली, तोवर एकही जण सरळ चालत नव्हता. नव्या जाकिटांच्या बाह्यांवरची लेबलं वाऱ्यावर फडफडत होती.

"सगळे का लंगडताहेत?" साहेबांनी विचारलं.

"बूट नवे आहेत, साहेब," मॅडम म्हणाल्या.

"नवे? ते तर गेल्या वर्षी पाठवले होते! आणि गाडी?"

"तीसुद्धा नवीच आहे, साहेब."

चौकीवर पोचताच साहेब थेट शेडमध्ये शिरले. काकांना राहवेना. "एक ओरखडा सापडायचा नाही, साहेब!" साहेब सीटवर बसले, तसं खालचं प्लास्टिक चुरचुरलं. त्यांनी किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, आणि खाली उतरून स्वतःच बॉनेट उघडलं. उंदरानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी उंदराकडे पाहिलं.

आता संपलंच सगळं, काकांच्या मनात आलं. तरी ते पुढे झाले. "चूक माझी आहे, साहेब. यांनी दहादा मागितली, मीच दिली नाही. वाटलं, जपली तर टिकेल."

"टिकवायचं कुणाला होतं? गाडीला की या माणसांना?" साहेब कडाडले. काकांची मान खाली गेली. "हा माणूस इथे असेपर्यंत यांच्या अंगाला नवं काही लागायचं नाही. आजच्या आज हलवा याला! शहरातल्या कचेरीत जुन्या नकाशांची खोली आहे, तिथे टाका. बसू दे जपत!"

शहर म्हणजे काकांचं घर! त्या कचेरीच्या मागच्याच गल्लीत सोफा होता, बायको होती. काकांच्या ओठांचे कोपरे थरथरू लागले.

"तोंड पाडा, काका!" मॅडम कानाशी पुटपुटल्या. "हसलात तर साहेब विचार बदलतील."

काकांनी कसंबसं तोंड पाडलं. इतके कष्ट त्यांना भांडारात कधी पडले नव्हते.

उंदरांना बाहेर काढून साहेबांच्या गाडीच्या बॅटरीवर नवी गाडी सुरू केली, तेव्हा अख्ख्या चौकीनं एकच जल्लोष केला. दुपारी ती पहाऱ्याची एक फेरी मारून आली आणि मग तीच गाडी काकांना स्टेशनवर सोडायला निघाली. सीटवरचं प्लास्टिक गेलं होतं. दारावर ताजा ओरखडा होता. काकांच्या काळजात चर्र झालं, तरी ते आत चढले. चिखलाचे बूट वर उचलून धरत ते अवघडून बसले.

"पाय खाली सोडा, काका," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी आहे ती."

काकांनी पाय सोडले आणि घरी फोन लावला. "झाली गं बदली! येतोय मी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "बरं, मग ते सोफ्याचं प्लास्टिक राहू दे म्हणता?"

काका मऊ सीटवर मागे रेलले. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं मऊ लागत होतं.

"फाड," ते म्हणाले.