भुऱ्याची बाटली

सोमनाथच्या कुत्र्याला, भुऱ्याला, खाज सुटली आणि समोरच्या श्रीधरकाकांना शिंका. उस्मानपुऱ्यातल्या त्या बिल्डिंगमध्ये दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात सुरू झाल्या, म्हणून काकांनी निकालच देऊन टाकला. कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी! रविवारी संध्याकाळी सोसायटीची मीटिंग ठरली. विषय एकच, भुऱ्याला ठेवायचं की घालवायचं.

सोमनाथने देवगाव रंगारीला आईला फोन लावला. शनिवारी द्वारकाबाई कडुनिंबाच्या डहाळ्यांचा भारा घेऊनच एसटीतून उतरल्या.

"खाज बी जाती अन् शिंका बी जात्यात. दोघांनाबी औषध करते," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्यांनी दोन बाटल्या भरल्या. एकीत भुऱ्याच्या आंघोळीसाठी कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेलं पाणी. दुसरीत काकांसाठी तुळस, आलं आणि सढळ हाताने गूळ घातलेला काढा. रंग दोन्हींचा जवळजवळ सारखाच. काकांची बाटली सोमनाथ पोचवून आला आणि उरलेली त्याने भुऱ्याच्या अंगावर ओतली.

एरवी पाणी दिसलं की पलंगाखाली शिरणारा भुऱ्या आज जागचा हलेना. डोळे मिटून स्वतःलाच चाटत उभा.

"माय, आज लई शहाण्यावानी उभा हाय गं ह्यो!"

द्वारकाबाईंना शंका आली. त्यांनी भुऱ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"आरं माझ्या कर्मा! ह्यो तर काढा हाय!"

सोमनाथ दार उघडून धावला. त्याच्या आधी भुऱ्या धावला. समोरच्या दारात काका रिकामा पेला धरून, तोंड वेडंवाकडं करून उभे होते. भुऱ्याने थेट त्यांच्या अंगावर उडी घेतली. काका दिवाणावर, भुऱ्या काकांवर आणि काकांचा इस्त्रीचा पांढरा झब्बा भुऱ्याला चिकटलेला.

"काका, पिऊ नका, पिऊ नका!"

"पिऊन झालं! कारल्याचा बाप आहे तो! आणि हे काय चिकटलंय माझ्या अंगाला?"

"तुमचं औषध, काका."

भुऱ्या काही सुटेना. अखेर काका त्याला तसंच पोटाशी धरून बाथरूममध्ये गेले. सोमनाथ बादलीने कोमट पाणी ओतत होता, काका स्वतःला आणि भुऱ्याला आळीपाळीने चोळत होते. भुऱ्या मधूनच काकांचा कान चाटत होता. तासाभराने दोघे स्वच्छ होऊन बाहेर आले, तेव्हा काका एकदम थबकले.

"सोमनाथ, मी शिंकलो का रे?"

"नाय, काका."

काकांनी भुऱ्याच्या मानेत नाक खुपसून जोराने श्वास घेतला. सगळे वाट पाहत राहिले. शिंक आली नाही.

"कडू पाण्याचा गुण हाय, भाऊ," द्वारकाबाई दारातून म्हणाल्या. "पर खरं सांगते, ते कुत्र्याच्या आंघोळीचं व्हतं."

 काका आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सोमनाथला वाटलं, संपलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. सेक्रेटरींनी विचारलं, "श्रीधरराव, कुत्र्याबद्दल तुमची तक्रार कायम आहे?"

"आहे तर!" काका ताडकन उठले. सोमनाथने भुऱ्याचा पट्टा घट्ट धरला.

"त्याला यापुढे रोज कडुनिंबाचं पाणी मिळणार, आणि मला एकच बाटली? हा दुजाभाव मी चालू देणार नाही!"