पोळी नाकारणाऱ्या गाईचं प्रकरण

"लिही," चंद्रप्रकाश तिरोडकर खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, ज्याची नुसती चाहूल लागली तरी मुलुंडपासून विक्रोळीपर्यंतच्या गुन्हेगारांची झोप उडते, आणि ज्याच्या बुद्धीपुढे..."

"तुमचं बनियन उलटं आहे," नलिनी म्हणाली.

"तो तपासाचा भाग आहे. लिही."

नलिनीने आतापर्यंत सांगितलेलं काही खोडलं नाही, कारण ते लिहिलंच नव्हतं. बँकेने फुकट दिलेल्या डायरीत तिने तारीख घातली आणि खाली 'भाजीला दुधी' असं लिहून ठेवलं.

चंद्रप्रकाश चौतीस वर्षं टेलिफोनच्या तक्रार विभागात होते. तिथे त्यांचं काम एकच: "संध्याकाळपर्यंत लाइन सुरू होईल" असं लोकांना सांगणं. इतकी वर्षं इतक्या सफाईने थापा मारल्यावर दुसऱ्याची थाप आपण झटक्यात ओळखणार, असं त्यांनी निवृत्तीच्या दिवशी ठरवलं आणि 'खाजगी अन्वेषक' अशी कार्डं छापून घेतली. आजवर तीन प्रकरणं झाली होती. पहिल्यात मांजर निघालं, दुसऱ्यात घूस निघाली. तिसऱ्यातली चोरीला गेलेली स्कूटर त्यांनीच जिथे उभी केली होती तिथे सापडली, म्हणून त्याबद्दल घरात बोलायचं नव्हतं.

नलिनी त्यांची सहायक. पगार नाही, रजा नाही, वर चहा तिनेच करायचा. लग्नाआधी ती तेंडोलीची. तिच्या माहेरी माणसांपेक्षा गुरं जास्त. पण मुलुंडमध्ये चाळीस वर्षांत त्याबद्दल तिला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही पडलं नव्हतं, त्या बुधवारपर्यंत.

बुधवारी सकाळी अकराव्या मजल्यावरच्या निशाबेन आल्या आणि सोफ्यावर बसूनच राहिल्या.

"तिरोडकरभाई, आठ दिवस झाले. गाय माझी रोटली खात नाही."

समोरच्या महादेवाच्या देवळाच्या दारात कृष्णाबाई गाय घेऊन बसते. पहाटे मुलुंड कॉलनीतल्या गोठ्यातून गाय आणायची, शेजारी गवताच्या पेंढ्या मांडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने पेंढी घेऊन गाईला घालायची नि शेपटीला हात लावून पुढे जायचं, असं सव्वीस वर्षं चाललेलं. गाईचं नाव सोनी. निशाबेनचे यजमान गेल्यापासून गाईने घास घेतल्याशिवाय त्या चहाला तोंड लावत नाहीत. आता त्यांचा पहिला चहा दुपारी बाराला होत होता, तोही रिक्षाने भांडुपला जाऊन दुसरी गाय गाठल्यावर.

"आणि मितेश म्हणतो ही गायच खोटी," निशाबेन म्हणाल्या. मितेश त्यांचा मुलगा. "जर्सी आहे म्हणतो. जर्सीला दिलेलं वर पोचत नाही."

मितेश नुसतं म्हणून थांबला नव्हता. गाय ज्याची पोळी नाकारते त्याच्या घरी काहीतरी वाईट घडतं, असं सोसायटीच्या ग्रुपवर फिरायला लागल्याबरोबर त्याने देवळाच्या ट्रस्टपुढे प्रस्ताव ठेवला होता: कृष्णाबाईला उठवायचं आणि अस्सल गीर गाय आणायची, गळ्यात क्यूआर कोडसकट. ट्रस्टी रामनाथ भोईर रविवारी दहा वाजता निर्णय देणार होते.

खाली उतरल्यावर कृष्णाबाई चंद्रप्रकाशांना म्हणाली, "सायेब, काय बी करा, पन ह्ये दार जाऊ देऊ नका. मला आनि हिला, दोघींना दुसरा ठाव न्हाई."

हे ऐकून नलिनीने डायरी मिटली. चंद्रप्रकाशांनी मात्र खिशातून भिंग काढलं.

"बाई, गाय कुठल्या जातीची?"

"माझी हाय."

"उत्तर टाळतेय," चंद्रप्रकाश नलिनीच्या कानात कुजबुजले. "लिहून घे."

आता सोनीचं वर्णन सांगायला हवं. रंग विटकरी, पोटाखाली पांढरा. वशिंड होतं, पण असून नसल्यासारखं. एक शिंग वर, एक खाली. चंद्रप्रकाशांनी इंटरनेटवरून देशी गाईंचा रंगीत तक्ता छापून आणला आणि सोनीच्या तोंडासमोर धरला. सोनीने तो हुंगला आणि मान फिरवली.

"बघ, ओळख लपवतेय."

गुरुवारी पहिला सिद्धान्त आला. सोनी गीर आहे. गीर म्हणजे फुगीर कपाळ आणि दुमडलेल्या पानासारखे लोंबते कान. गीर गुजरातची, म्हणून तिला इथलं जेवण रुचत नाही.

"निशाबेन कुठल्या?" नलिनीने विचारलं.

चंद्रप्रकाश जरा अडखळले. "राजकोटच्या. पण तेल शेंगदाण्याचं बदलून सूर्यफुलाचं केलं असेल. गीर गाय फार चिकित्सक."

मग घाटकोपरहून शेंगदाणा तेलातले थेपले आले. सोनीने थेपल्याकडे पाहिलं, मग चंद्रप्रकाशांकडे पाहिलं, आणि शांतपणे रवंथ सुरू ठेवला. मापटेपने कान मोजले तर लोंबायचं सोडाच, ते चांगले ताठ उभे. थेपले चंद्रप्रकाशांनीच संपवले, पुरावा वाया जायला नको म्हणून.

शुक्रवारी साक्षीदारांची उलटतपासणी झाली. पहिला साक्षीदार सोसायटीचा वॉचमन कुंडलिक. हातात रिकामी बादली घेऊन तो गेटवर उभा होता.

"पहाटे सहाला तू देवळापाशी असतोस. काही संशयास्पद?"

"काय नाय साहेब. बादली रिकामी करतो नि येतो."

"अनोळखी माणसं? काळी गाडी?"

"काळं एक कुत्रं असतं."

"जा तू. तुझा काही उपयोग नाही."

ही बादली म्हणजे खुद्द चंद्रप्रकाशांची योजना. जुन्या तीन मजली इमारतीच्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर झाला, आणि सकाळी सातला अठ्ठ्याऐंशी घरांतली माणसं हातात गोग्रास घेऊन लिफ्टसमोर उभी राहायला लागली. लिफ्ट दोन, त्यातली एक कायम दुरुस्तीत. भांडणं व्हायला लागली. तेव्हा सोसायटीच्या सभेत चंद्रप्रकाश उठले आणि म्हणाले, घरोघरचा गोग्रास कुंडलिकने पहाटे बादलीत गोळा करावा आणि एकदम गाईला घालावा. टाळ्या पडल्या. दहा दिवस झाले, बिनबोभाट चाललं होतं. एकट्या निशाबेनने बादलीत पोळी टाकायला नकार दिला. पुण्य आपल्या हाताने करायचं, असं त्यांचं म्हणणं.

बादली बघून नलिनीच्या मनात पाल चुकचुकली, पण इतक्यात दुसरा सिद्धान्त आला.

"डांगी," चंद्रप्रकाश म्हणाले. "नाशिककडच्या डोंगरातली. प्रचंड पावसात चरणारी गाय. कातडी मुळातच तेलकट, पाणी अंगावर ठरतच नाही. मुलुंडच्या कोरड्या हवेत तिचं मन रमणार कसं?"

"अहो, गाईचं मन..."

"पाणी आण."

दोन कळशा पाणी सोनीच्या पाठीवर गेलं आणि चांगलं ठरलं. सोनीने अंग झाडलं. नेमके तेव्हाच रामनाथ भोईर नव्या पांढऱ्या सफारीत देवळातून बाहेर येत होते. त्यांनी सफारीवरचे शिंतोडे झटकले, आणि रविवारच्या निकालाचा कल कुठे चाललाय ते त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं.

"झाली शोभा," नलिनी घरी आल्यावर म्हणाली. "त्या बाईचं दार तुमच्या पायी जायचं."

"डांगी बाद झाली, हीसुद्धा प्रगतीच आहे," चंद्रप्रकाश म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला नाही.

शनिवार रात्रीपर्यंत ते तक्त्यावर ओणवे होते. देवणी पांढरी-काळी, बाद. लाल कंधारी नुसती लाल, पोटाचा पांढरा बसेना, बाद. जर्सीला वशिंड नसतं आणि हिला थोडं आहे, म्हणजे थोडी बाद. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली.

"खिलार!"

नलिनी कणीक मळत होती. "खिलार पांढरी असते. शिंगं हातभर. ही विटकरी."

"वेषांतर. मेंदी लावलेय." त्यांचे डोळे चमकायला लागले. "खिलार म्हणजे तापट, मानी. एका मालकाशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. मितेश तिला जर्सी म्हणाला. अपमान! गाय रुसलेय, नलिनी."

नलिनीने परात पुढे ओढली. "रुसलेली गाय दिवसभर रवंथ करते होय? आमच्याकडे रुसली की लाथ घालायची."

"तेंडोलीतल्या गाई वेगळ्या."

रविवारी दहाला देवळासमोर पन्नासेक माणसं जमली. मितेशने गीर गाईचे फोटो मोबाइलवर तयार ठेवले होते. कृष्णाबाईने सोनीला आंघोळ घालून शिंगांना नवी लाल रिबीन बांधली होती, आणि ती गाईच्या मानेवर हात ठेवून उभी होती. चंद्रप्रकाश पायरीवर चढले, लिंबाच्या फोडीने सोनीची पाठ खसाखसा घासली आणि मेंदी उतरण्याची वाट बघत उभे राहिले. रंग तोच राहिला. लोक हसायला लागले.

"मेंदी पक्की आहे," ते म्हणाले. "तरी मी जाहीर करतो की ही मानी खिलार असून मितेशने तिची माफी..."

"गाईची माफी?" मितेश म्हणाला. "अंकल, प्लीज यार."

रामनाथांनी घड्याळ पाहिलं. "झालं ना तुमचं? कृष्णाबाई, मग आता..."

कृष्णाबाईने डोळे मिटून घेतले. ते बघून नलिनीला राहवेना. चाळीस वर्षं शहरात राहून गाईजवळ कसं जायचं ते काही ती विसरली नव्हती. पदर खोचून ती सोनीच्या डाव्या बाजूला गेली. उपाशी गाईच्या डाव्या कुशीत, कमरेच्या हाडाखाली, खळगा पडतो. सोनीचा खळगा नव्हताच. नलिनीने मूठ दाबली. आत मळलेल्या कणकेसारखं लागलं, आणि मूठ काढल्यावर खूण तशीच राहिली.

"कृष्णाबाई, खरं सांगा. सकाळपासून काय खाल्लंय हिने?"

कृष्णाबाईने सोनीच्या पाठीवर हात फिरवला. मग तिने कुंडलिककडे पाहिलं, आणि नलिनीला सगळं कळलं.

"निशाबेन सोडून सत्त्याऐंशी घरं," नलिनी म्हणाली. "कोणाच्या दोन, कोणाच्या तीन. वर शिळा भात, सत्यनारायणाचा शिरा. पहाटे सहाला दोनशे पोळ्या पोटात गेल्यावर आठ वाजता निशाबेनची कशाला खाईल? रुसली नाही नि काही नाही. पोट भरलंय तिचं."



"पण मग कृष्णाबाई बोलली का नाही?" रामनाथांनी विचारलं.

"काय बोलू सायेब?" कृष्णाबाई म्हणाली. "गाय जेवली म्हनलं तर मला दारात कोन बसू देनार? तुमाला भुकेली गाय पायजे. आनि बादली नको म्हनावं तर अख्ख्या बिल्डिंगचं पुन्य. रातभर कन्हत्या ती. मी पोट चोळत बसते."

मितेशने मोबाइल खिशात टाकला, पण पूर्ण हार मानेना. "ओके, बादली बंद करू. तरी जातीचा प्रश्न राहतोच ना? देशी आहे का ही?"

नलिनी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बोलता बोलता माहेरच्या बोलीवर घसरली. "गीरचं कपाळ वेगळं, डांगीची कातडी वेगळी, खिलारचा ताव वेगळा. पण पोट सगळ्यांचं डावीकडेच असतं, बाबा. ह्या सायबानी तक्ता छापून आणल्यानी. माका कोणी इचारल्यान?"

"तिची आय ह्याच दारात उभी ऱ्हायची," कृष्णाबाई हळूच म्हणाली. "बापाचं आजवर कुनी इचारलं नव्हतं."

निशाबेन काठी टेकत पुढे आल्या. "मितेश, तुझे पप्पा गेले तेव्हा हिच्या आईलाच रोटली दिली होती आपण. तू माझ्या बाजूला उभा होतास. तेव्हा पोचली असेल तर आत्तापण पोचेल."

मितेशने मान खाली घातली. रामनाथ मवाळले, पण ट्रस्टी ते ट्रस्टीच. तोंडी काही चालणार नाही, म्हणाले. उद्या सकाळपर्यंत अन्वेषकाच्या सहीचा लेखी अहवाल आला तर कृष्णाबाई राहील. दोष कोणाचा ते त्यात स्वच्छ लिहिलेलं पाहिजे.

सोनीला त्या दिवशी नुसतं पाणी मिळालं. सोमवारी बादली निघाली नाही. आठ वाजता निशाबेनने रोटली पुढे केली, सोनीने ती एका घासात ओढून घेतली आणि वर निशाबेनचा पदरही चघळायला सुरुवात केली. निशाबेन हसता हसता रडल्या आणि तिथेच टपरीवरचा कटिंग प्यायल्या.

मागे देवळाच्या पायरीवर चंद्रप्रकाश अहवाल सांगत होते. "लिही. अत्यंत गुंतागुंतीच्या या प्रकरणात, माझ्या अचूक दिशादर्शनामुळे, प्रथम गीर, नंतर डांगी..."

नलिनी लिहीत होती. त्यांचं बोलणं अर्ध्या तासाने संपलं, तिचं लिहिणं चौथ्या ओळीलाच संपलं होतं. चंद्रप्रकाशांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कागद हातभर लांब धरला, भरीव मजकूर दिसतोय एवढी खात्री केली आणि खाली झोकात सही ठोकली.

रामनाथांनी अहवाल वाचला, हसू दाबलं आणि कागद देवळाच्या फलकावर लावून टाकला. संध्याकाळपर्यंत सगळा टॉवर तो वाचून गेला, आणि चंद्रप्रकाश, अजून चष्म्याशिवायच, फलकाशेजारी उभे राहून प्रत्येकाचा नमस्कार घेत होते. फलकावर लिहिलं होतं:

'गाय निर्दोष. कृष्णाबाई निर्दोष. गाईला अजीर्ण बादलीमुळे झालं, आणि बादलीची कल्पना माझी. कृष्णाबाईचं दार तिच्याकडेच राहावं, ही विनंती. आपला, चं. तिरोडकर, आरोपी.'